कोबुर्गच्या ढालीवरचा काळा संत

पिवळ्याधमक ढालीवर एका बाजूने दिसणारे काळे मस्तक. केस कुरळे, ओठ लाल, कानात सोन्याची बाळी. जर्मनीच्या बव्हेरिया राज्यात, ईट्झ नदीच्या काठी वसलेल्या कोबुर्ग शहराचे हे नगरचिन्ह. नगरपालिकेच्या कागदांवर ते आहे आणि रस्त्यावरच्या गटारांच्या लोखंडी झाकणांवरही आहे. ते पहिल्यांदा पाहणाऱ्याच्या मनात गुलामांचा व्यापार येतो, आफ्रिकेतल्या वसाहती येतात. पण जर्मनीने आफ्रिकेत वसाहती मिळवायला सुरुवात केली १८८४ मध्ये, आणि कोबुर्गच्या या मस्तकाची परंपरा मध्ययुगातली आहे. ज्याचे ते मस्तक मानले जाते, तो गुलाम नव्हता, युद्धकैदी नव्हता, एखाद्या राजाच्या दरबारातला सेवकही नव्हता. तो रोमन सैन्यातला सेनापती होता आणि ख्रिस्ती धर्माचा संत होता. त्याचे नाव मॉरिस. जर्मन लोक त्याला मोरिट्झ म्हणतात. तो या शहराचा रक्षणकर्ता संत.

सतराशे वर्षांत या संताचे काय काय झाले, हे कळल्याशिवाय त्या ढालीचा अर्थ लागत नाही.

गोष्ट सुरू होते तिसऱ्या शतकाच्या अखेरीस, आजच्या स्वित्झर्लंडमधल्या व्हॅले प्रांतात. ऱ्होन नदी इथे दोन डोंगरांच्या चिमटीतून वाट काढते. त्या अरुंद जागी आगाउनम नावाचे रोमन ठाणे होते. पाचव्या शतकात लियॉंचा बिशप युकेरियस याने इथली कथा लिहून ठेवली. ती अशी: सम्राट मॅक्सिमियन याने पूर्वेकडून एक पलटण बोलावली. इजिप्तमधल्या थीब्ज प्रदेशातले हे शिपाई, सगळे ख्रिस्ती. ख्रिस्ती लोकांना शोधून मारण्याचा हुकूम त्यांना मिळाला आणि त्यांनी तो पाळायला नकार दिला. सम्राटाने शिक्षा म्हणून दर दहांतला एक शिपाई मारला. पलटण हलली नाही. पुन्हा दहांतला एक मारला. तरीही नकारच. शेवटी सगळ्यांची कत्तल झाली. त्यांच्या नायकाचे नाव मॉरिस. युकेरियस पलटणीची संख्या ६६०० सांगतो.

हे जसेच्या तसे घडले असे आजचे बहुतेक इतिहासकार मानत नाहीत. संपूर्ण पलटण कापून काढल्याचा समकालीन पुरावा नाही, आणि युकेरियस लिहीत होता तो घटनेनंतर दीडशे वर्षांनी. पण या कथेच्या गाभ्यातली गोष्ट विसरता कामा नये. मॉरिस संत ठरला तो कुणाला जिंकल्यामुळे नव्हे. निरपराध माणसांवर शस्त्र उचलणार नाही असे त्याने स्वतःच्या सम्राटाला सांगितले, म्हणून तो संत ठरला. आणि युकेरियसच्या मजकुरात त्याच्या कातडीच्या रंगाचा एका शब्दानेही उल्लेख नाही.

५१५ मध्ये बर्गंडीचा राजा सिगिसमुंड याने आगाउनमला मठ स्थापन केला. तिथे भिक्षूंच्या तुकड्या आळीपाळीने रात्रंदिवस स्तोत्रे गात असत. तो मठ आजही चालू आहे, आणि त्या गावाचे नावच आता सां-मॉरिस आहे. पुढची चारशे वर्षे मॉरिस हा प्रामुख्याने बर्गंडीचा संत राहिला. त्याला जर्मनीत आणून राजकारणात उभे केले ते ओटो पहिला याने.

ओटो सॅक्सनीचा. ९३६ मध्ये तो राजा झाला आणि लगेच दुसऱ्या वर्षी एल्बे नदीकाठच्या माग्डेबुर्गला त्याने मॉरिसच्या नावाने मठ उभारला. एल्बेच्या पलीकडे स्लाव्ह टोळ्यांचा मुलूख होता, तो जिंकायचा आणि ख्रिस्ती करायचा हा ओटोचा बेत. त्यासाठी त्याला सैनिकी बाण्याचा संत हवा होता. ९६१ मध्ये मॉरिसचे म्हणून मानलेले अवशेष माग्डेबुर्गला आले, ९६८ मध्ये तिथे आर्चबिशपचे पीठ झाले. ओटोच्या घराण्याकडे एक पवित्र भालाही होता. पुढे तोही मॉरिसचाच भाला मानला जाऊ लागला. आज तो व्हिएन्नाच्या राजखजिन्यात आहे. हुकूम नाकारून मेलेला सेनापती अशा रीतीने सम्राटाच्या मोहिमांचा पाठीराखा झाला. मॉरिसच्या वाट्याला आलेला हा पहिला मोठा उलटफेर, आणि माझ्या मते सर्वांत मोठा. पुढच्या शतकांत त्याच्या रंगावरून वाद झाले, पण त्याच्या नकाराची आठवण मात्र फार कुणाला उरली नाही.

ओटोच्या काळातला मॉरिस चित्रांत आणि शिल्पांत गोराच दिसतो. मग तो काळा कधी झाला?

१२०७ मध्ये माग्डेबुर्गचे जुने कॅथेड्रल आगीत जळाले. दोन वर्षांनी त्या जागी नवे कॅथेड्रल उभे राहू लागले, जर्मन भूमीवर गॉथिक शैलीत बांधायला घेतलेले पहिले. त्यात १२४० ते १२५० च्या सुमारास मॉरिसचा एक वालुकाश्माचा पुतळा बसला. गुडघ्याखालचा भाग आज नाही, हातातला भालाही गेला आहे. उरले आहे ते पाहताना मात्र माणूस थबकतो. डोक्यावरून खांद्यांपर्यंत कड्यांची जाळीदार टोपी, अंगात जाड चिलखत, आणि टोपीच्या चौकटीत एक आफ्रिकी चेहरा. रुंद नाक, भरलेले ओठ, किंचित पुढे झुकलेले सावध डोळे. दगडावर रंग चढवला होता, त्याच्या खुणा अजून आहेत. शिल्पकाराचे नाव कळत नाही. पण त्याने कुणाचे तरी नाकडोळे नीट पाहिले होते, एवढे त्या चेहऱ्यावरून उघड दिसते. ऐकीव माहितीवर बेतलेले हे नाक नाही. युरोपच्या कलेत काळ्या माणसाचे इतके नेमके आणि इतके आदराने घडवलेले शिल्प त्याआधी सापडत नाही.

त्या शिल्पकाराने असा चेहरा कुठे पाहिला असेल? त्या काळचा सम्राट फ्रेडरिक दुसरा सिसिलीत वाढलेला होता. त्याच्या दरबारात अरब होते, आफ्रिकी होते. दक्षिण इटलीतल्या लुचेरा इथे त्याने मुसलमानांची वसाहत वसवली होती. १२३५ मध्ये तो जर्मनीत आला, तेव्हा त्याच्या लवाजम्यातले आफ्रिकी लोक आणि उंट पाहून लोक चकित झाले होते. जगातल्या सगळ्या वंशांवर आपले छत्र आहे, हे दाखवण्याची या सम्राटाला हौस होती. इजिप्तचा संत काळा दाखवणे त्या हौसेला साजेसे होते. संताच्या नावाचे लॅटिन रूपही ‘मूर’, म्हणजे काळा आफ्रिकी, या अर्थाच्या शब्दाजवळचे, त्याचाही हात लागला असेल. नेमके कारण एक नसावे. पण परिणाम निश्चित आहे: माग्डेबुर्गपासून सुरू होऊन एल्बे आणि झाले या नद्यांच्या खोऱ्यात, सॅक्सनीत, ब्रांडेनबुर्गमध्ये आणि पुढे बाल्टिक समुद्राच्या काठापर्यंत काळा मॉरिस पसरला. फ्रान्समध्ये आणि खुद्द स्वित्झर्लंडमध्ये तो गोराच राहिला. रीगा आणि टालिन या बंदरांत जर्मन व्यापाऱ्यांचे एक बंधुमंडळ होते. मॉरिस त्यांचा संत आणि काळे मस्तक त्यांची खूण, म्हणून त्यांच्या मंडळालाच लोक ‘काळी डोकी’ म्हणत. रीगाचे त्यांचे सभागृह दुसऱ्या महायुद्धात उद्ध्वस्त झाले आणि १९९९ मध्ये जसेच्या तसे पुन्हा उभे राहिले.

कोबुर्ग या पट्ट्याच्या दक्षिण टोकाला येते. शहराचा पहिला लेखी उल्लेख १०५६ चा. पोलंडची राणी रिखेझा हिने हा मुलूख कोलोनच्या आर्चबिशपला दान दिला, त्या दानपत्रातला. रिखेझा ही ओटो पहिला याची पणती. १३३१ मध्ये सम्राट लुडविग याने कोबुर्गला शहराचे हक्क दिले. साधारण त्याच काळात गावातले मोठे चर्च आजच्या रूपात आकार घेऊ लागले होते. ते मॉरिसच्या नावाचे. त्याचे दोन मनोरे एकमेकांशी जुळत नाहीत, एक उंच आणि एक बुटका. १३५३ मध्ये विवाहसंबंधातून हा प्रदेश वेटिन घराण्याकडे गेला. वेटिन हे माइसेनचे, म्हणजे काळ्या मॉरिसच्या मुलखातलेच सत्ताधारी.

शहराला शिक्का लागतो. करार, खरेदीखत, कर्जरोखा, सगळ्यांवर मेणाचा शिक्का उठवावा लागे, आणि तो शहराचाच आहे हे निरक्षर माणसालाही कळावे लागे. कुणी वेस घेतली, कुणी किल्ला, कुणी राजाचा सिंह. बऱ्याच शहरांनी आपला संत घेतला. कोबुर्गने मॉरिस घेतला आणि मध्ययुग संपायच्या आत त्याचे मस्तक शहराची ओळख होऊन बसले. ढालींच्या शास्त्राचा एक जुना नियम आहे: सोने-चांदी या धातूंवर रंग चालतो, रंगावर रंग चालत नाही. लढाईच्या धुळीत दुरून ओळख पटावी म्हणून हा नियम. सोनेरीवर काळे ही त्यातली सर्वांत उठून दिसणारी जोडी. शिक्क्यात आणि ढालीत जागा थोडी, म्हणून अख्खा योद्धा न काढता फक्त डोके काढायचे, हाही सर्वत्र चालणारा प्रघात. कोबुर्गने वेगळे काहीच केले नाही.

तरीही या साध्या प्रघाताने मोठा फरक पडला, असे मला वाटते. माग्डेबुर्गच्या पुतळ्यात चेहरा काळा आहे, पण आधी डोळ्यांत भरते ते चिलखत. तो योद्धा आहे, पदाधिकारी आहे, कुणीतरी आहे. धड गेले की चिलखत जाते, भाला जातो, तेजोवलयही जाते. मग ढालीवर उरतो फक्त वर्ण. आणि त्या वर्णाला ओळखू येण्यासाठी चितारी लोक काय जोडतात? कुरळे केस, जाड ओठ, कानात बाळी. संताची खूण म्हणून सुरू झालेले चित्र हळूहळू ‘आफ्रिकी माणूस कसा दिसतो’ या युरोपच्या कल्पनेचे चित्र होत गेले.

एका ठिकाणी मात्र पूर्ण देहाचा मॉरिस कोबुर्गमध्ये टिकला आहे. बाजारचौकातल्या टाउन हॉलच्या माथ्यावर तो हातात सेनापतीचा दंड घेऊन उभा आहे. गंमत अशी की गावकरी त्याला ‘ब्राटवुर्स्टवाला’ म्हणतात. कोबुर्गचा ब्राटवुर्स्ट, म्हणजे तिथला लांब सॉसेज, पाइनच्या वाळलेल्या शंकूंवर भाजतात, आणि संताच्या हातातला दंड ही त्या सॉसेजची अधिकृत लांबी आहे असे लोक सांगतात. संत घरातलाच झाला की त्याच्याशी लोक अशी सलगी करतात. यात अनादर नाही.

सोळाव्या शतकात काळ्या मॉरिसचे वैभव शिगेला पोचले आणि लगेच ओसरलेही. माग्डेबुर्ग आणि माइन्झ या दोन्ही पीठांचा आर्चबिशप आल्ब्रेश्ट याने हाले शहरात पवित्र अवशेषांचा प्रचंड संग्रह जमवला होता. त्यात चांदीच्या चिलखतातली मॉरिसची पुरुषभर उंचीची मूर्ती होती. मथियास ग्र्यूनेवाल्डने १५२० नंतरच्या काही वर्षांत त्याच्यासाठी एक चित्र काढले, ते आज म्युनिकच्या आल्टे पिनाकोथेकमध्ये आहे. डावीकडे संत इरॅस्मस, त्याला आल्ब्रेश्टचाच चेहरा दिलेला. समोर झळझळीत पोलादी चिलखतातला काळा मॉरिस. दोघे बोलत आहेत. मॉरिसचा हात बोलता बोलता उचललेला. चित्रातला सगळा प्रकाश त्याच्या चिलखतावर येऊन थांबतो. दोन बरोबरीची माणसे एखाद्या गंभीर गोष्टीवर चर्चा करताना जशी उभी राहतील, तशी ती उभी आहेत. पाचशे वर्षांपूर्वी एका जर्मन चित्रकाराला काळ्या आणि गोऱ्या माणसाचे नाते असे दिसले होते. हे चित्र पाहिल्यावर कोबुर्गची ढाल मला अपुरी वाटू लागते.

हाच तो आल्ब्रेश्ट, ज्याच्या अमलात विकल्या जाणाऱ्या पापमुक्तीच्या पत्रांमुळे मार्टिन लूथरने १५१७ मध्ये बंड पुकारले. तेरा वर्षांनी, १५३० च्या वसंतात, लूथर कोबुर्गला आला. आउग्सबुर्गला सम्राटासमोर धर्मसभा भरणार होती. लूथरवर साम्राज्याचा बहिष्कार होता, तिथे गेला असता तर पकडला गेला असता. त्याचा आश्रयदाता सॅक्सनीचा इलेक्टर, म्हणजे सम्राट निवडणाऱ्या राजांपैकी एक, होता आणि त्याच्या राज्याचे दक्षिणेकडचे शेवटचे सुरक्षित ठिकाण म्हणजे कोबुर्ग. लूथरने मॉरिसच्या चर्चमध्ये प्रवचने दिली आणि मग जवळजवळ सहा महिने तो गावावरच्या किल्ल्यात राहिला. पत्रे लिहिली, बायबलचे भाषांतर पुढे नेले, इसापच्या गोष्टी जर्मनमध्ये आणायला घेतल्या. २५ जूनला आउग्सबुर्गला त्याच्या पक्षाच्या श्रद्धेचा जाहीरनामा वाचला गेला. त्याच्या एकविसाव्या कलमात संतांविषयी लिहिले आहे: त्यांचे स्मरण करावे, त्यांच्या श्रद्धेचा धडा घ्यावा, पण त्यांचा धावा करू नये.

कोबुर्ग प्रॉटेस्टंट झाले. मूर्तींपुढचे दिवे विझले, अवशेषांच्या यात्रा बंद पडल्या. आल्ब्रेश्टला हाले सोडावे लागले आणि ती चांदीची मूर्ती वितळवली गेली. पण ढालीवरचे मस्तक जागेवर राहिले. ज्याचा धावा करायचा नाही अशा संताला शहराच्या शिक्क्यावर ठेवायला लूथरपंथीयांची हरकत नव्हती, आणि हळूहळू तो संत आहे ही गोष्टही मागे पडली. नावे मात्र चालत राहिली. वेटिन घराण्यात मोरिट्झ नावाचा एक बलाढ्य इलेक्टर झाला. त्याच्या मुलीचा मुलगा नासाउचा मॉरिस, त्याचे नाव आजोबांवरून ठेवलेले. तो डच प्रजासत्ताकाचा सेनानायक झाला आणि १५९८ मध्ये डच खलाशांनी हिंदी महासागरातल्या एका निर्मनुष्य बेटाला त्याचे नाव दिले. तेच मॉरिशस. एकोणिसाव्या शतकात कोकणातून मजूर म्हणून गेलेल्या मराठी माणसांच्या पिढ्या तिथे आज नांदत आहेत. आपल्या बेटाच्या नावामागे घराण्यांच्या वाटेने आलेला थीब्जचा सेनापती आहे, हे त्यांच्यातल्या फारच थोड्यांना ठाऊक असेल.

अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत कोबुर्गच्या ढालीला काही झाले नाही. शहर लहान राहिले आणि त्याचे राजघराणे अवाढव्य पसरले: बेल्जियम, पोर्तुगाल, बल्गेरिया, आणि इंग्लंड. व्हिक्टोरिया राणीचा नवरा आल्बर्ट इथलाच. १८६५ मध्ये राणीने बाजारचौकात त्याच्या पुतळ्याचे अनावरण केले. मुंबईत भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात शिरताना समोर दिसणारा आल्बर्ट तो हाच.

मग पहिले महायुद्ध आले आणि सगळे फिरले. नोव्हेंबर १९१८ मध्ये ड्यूक कार्ल एडुआर्ड पायउतार झाला. तो व्हिक्टोरियाचा नातू, इंग्लंडमध्ये जन्मलेला. ३० नोव्हेंबर १९१९ रोजी कोबुर्गकरांनी मतदान करून शेजारच्या थुरिंगिया राज्यात जायला नकार दिला, ८८ टक्के मतांनी, आणि १ जुलै १९२० रोजी ते बव्हेरियात सामील झाले. थुरिंगियात डाव्यांचा जोर होता, बव्हेरियात उजव्यांचा. या मतदानाने कोबुर्गची पुढची दिशा ठरली.

ऑक्टोबर १९२२ मध्ये कोबुर्गला राष्ट्रवादी संघटनांचा ‘जर्मन दिवस’ भरला. म्युनिकमधला नाझी पक्षाचा एक उदयोन्मुख पुढारी बोलावला होता. तो विशेष रेल्वेगाडी करून साडेसहाशेच्या आसपास तुफानी दलाचे लोक घेऊन आला. झेंडे आणि वाजंत्री लावून कवायतीने चालू नका, असा अधिकाऱ्यांचा आदेश होता. हिटलरने तो धुडकावला. दोन दिवस रस्त्यांवर कामगारांशी मारामाऱ्या झाल्या आणि शेवटी रस्ता त्याच्या लोकांच्या हाती गेला. हिटलरला कोबुर्गचा हा अनुभव इतका महत्त्वाचा वाटला की ‘माइन काम्फ’मध्ये त्याने तो विस्ताराने सांगितला. दहा वर्षांनी, १९३२ मध्ये, त्या दिवशी सोबत असलेल्यांसाठी पक्षाने खास बिल्ला काढला. त्यावर स्वस्तिकावरून खाली उतरणारी तलवार आणि वर कोबुर्गचा किल्ला आहे.

शहर कुणी बाहेरून येऊन बळकावले नाही. शहराने मते दिली. फ्रान्झ श्वेडे हा नगरपालिकेच्या वीजघरातला यंत्रकामगार, नाझी पक्षाचा स्थानिक पुढारी. एका ज्यू उद्योजकाविरुद्ध त्याने मोहीम चालवली, त्यापायी त्याची नोकरी गेली. त्याच्या पक्षाने याचे भांडवल केले, लोकमत घेऊन नगरपरिषद बरखास्त करवली आणि २३ जून १९२९ च्या निवडणुकीत २५ पैकी १३ जागा जिंकल्या. नाझींना स्पष्ट बहुमत देणारे हे जर्मनीतले पहिले शहर. हिटलर चान्सलर व्हायला अजून साडेतीन वर्षे होती. १८ जानेवारी १९३१ रोजी कोबुर्गच्या टाउन हॉलवर स्वस्तिकाचा झेंडा चढला. देशातल्या कुठल्याही सरकारी इमारतीवरचा तो पहिला. त्याच वर्षी श्वेडे महापौर झाला. १९३२ मध्ये हिटलरला शहराचे मानद नागरिकत्व मिळाले. १९३३ च्या वसंतात ज्यू आणि विरोधक यांना उचलून नेऊन टाउन हॉलच्या परिसरात बेदम मारले जात होते. पदच्युत ड्यूक नाझींचा उघड पाठीराखा होता आणि त्या वर्षअखेर तो जर्मन रेडक्रॉसचा अध्यक्ष झाला.

अशा शहराच्या ढालीवर काळ्या माणसाचे डोके. पक्षाला ते कसे चालणार होते? १९३४ मध्ये ते काढले. नव्या ढालीवर उभी तलवार आली आणि तिच्या मुठीच्या टोकावर नाझी स्वस्तिक. म्हणजे संताच्या जागी १९३२ चा बिल्ला बसला. जवळजवळ दीड हजार वर्षांपूर्वीच्या कथेत मॉरिसने जे करायला नकार दिला होता, तेच आता या शहराचे ब्रीद झाले होते: हुकूम आला की निःशस्त्र शेजाऱ्यावर हात उचलायचा. नाझींना त्या मस्तकाची कथा ठाऊक होती की नाही, याने काही फरक पडत नाही. त्यांनी फक्त रंग पाहिला. आणि रंग पाहण्याचा परिणाम ढालीपुरता थांबला नाही. पहिल्या महायुद्धानंतर ऱ्हाइन प्रांतात फ्रेंच सैन्यातल्या आफ्रिकी शिपायांपासून जर्मन स्त्रियांना झालेली मुले होती. १९३७ मध्ये त्यांतल्या सुमारे ४०० जणांची जबरदस्तीने नसबंदी करण्यात आली. ही मुले जर्मनीत जन्मली होती, जर्मन बोलत होती.

११ एप्रिल १९४५ रोजी कोबुर्गने अमेरिकन सैन्यापुढे शरणागती पत्करली. त्याच वर्षी तलवार गेली आणि मस्तक परत आले. १९५१ मध्ये कोबुर्गच्याच न्यायालयाने श्वेडेला दहा वर्षांची शिक्षा दिली.

त्यामुळे कोबुर्गच्या जुन्या पिढीला या मस्तकात एक वेगळाच अर्थ दिसतो. नाझींनी ते हटवले, आम्ही ते परत आणले. मग ते वर्णद्वेषी कसे? हा युक्तिवाद पोकळ नाही. काळ्या माणसाला आपला रक्षणकर्ता मानणाऱ्या समाजाची ती खूण आहे, ही गोष्ट खरी आहे. २०२० च्या उन्हाळ्यात, अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइड या काळ्या माणसाचा पोलिसांच्या हातून बळी गेल्यानंतर, ढाल बदला अशी मागणी करणारा ऑनलाइन अर्ज निघाला, तेव्हा लगोलग ती राखा असा उलटा अर्जही निघाला आणि त्यामागे हेच म्हणणे होते. त्याच ऑगस्टमध्ये बर्लिनच्या मिट्टे विभागाने तिथल्या ‘मोहरेनश्ट्रासे’ (मूरांचा रस्ता) या रस्त्याला आंतोन विल्हेल्म आमो याचे नाव द्यायचा ठराव केला. आमो आजच्या घानामध्ये जन्मलेला तत्त्वज्ञ, अठराव्या शतकात हालेला शिकला आणि तिथे त्याने शिकवलेही. हाले म्हणजे ग्र्यूनेवाल्डच्या चित्रातला मॉरिस जिथे होता ते शहर.

पण कोबुर्गमध्ये राहणाऱ्या, जर्मनीत जन्मलेल्या काळ्या मुलीला शाळेच्या वाटेवर काय दिसते, हा प्रश्न युकेरियस आणि ओटो यांच्या आधाराने सुटत नाही. तिला संत दिसत नाही. लाल ओठ आणि कानातली बाळी दिसते, आणि त्या चित्राचे भाऊबंद तिने चॉकलेटच्या आणि कॉफीच्या जुन्या जाहिरातींत पाहिलेले असतात. ढालीचा उगम सन्मानाचा आहे हे तिला समजावून सांगता येईल. पण दर वेळी समजावून सांगावे लागणारे चिन्ह, चिन्ह म्हणून आपले काम करत नाही. शिक्का निरक्षरालाही कळावा हीच तर त्याची पहिली अट होती.

मला स्वतःला मस्तक काढून टाकणे पटत नाही. ते काढले तर युरोपच्या मध्यभागी काळ्या माणसाला इतका मान होता याची एक दुर्मीळ साक्ष जाईल, आणि ती पुसण्याचे काम याआधी कुणी केले हेही आपल्याला माहीत आहे. पण आहे तसेच ठेवणेही मला पटत नाही. ढालीचे नियम रंग आणि वस्तू ठरवतात; डोळे, ओठ, नाक कसे काढायचे हे प्रत्येक पिढीच्या चित्रकारावर सोडलेले असते. आज दिसणारा चेहरा मध्ययुगातून उचलून आणलेला नाही. आणि नमुना शोधायला लांब जायची गरज नाही, माग्डेबुर्गच्या कॅथेड्रलमध्ये तो पावणेआठशे वर्षे उभा आहे. कानातली बाळी काढावी आणि डोक्यावर कड्यांची जाळीदार टोपी चढवावी. ओठांचा लाल रंग पुसावा. चेहरा बाजूने न दाखवता समोरून दाखवावा, म्हणजे तो पाहणाऱ्याच्या नजरेला नजर देईल. सोनेरीवर काळे हा नियमही त्यात मोडत नाही.